लाल गाडीचा पिवळा दिवा

बाई स्वयंपाकघरात राबते तेव्हा तिचे किस्से होत नाहीत. तीच बाई अंगणात बोनेट उघडून उभी राहिली की रोज एक किस्सा होतो, आणि गल्ली तो घरोघरी पोचवते. आमच्या माजलगावात माझे इतके किस्से साठलेत की परवा भाजीबाजारात एका अनोळखी बाईने मलाच माझा किस्सा सांगितला, आणि तोही चुकीचा. म्हणून आता मीच सांगते. राग आलेला आहे, तो लपवणार नाही.

मी ज्युनियर कॉलेजात फिजिक्स शिकवते. माझा नवरा सुभाष बियाणं-खतांचं दुकान चालवतो. एका हंगामात दुकान बरं चाललं, मित्रांनी त्याला हरभऱ्याच्या झाडावर चढवलं आणि त्याने पुण्याहून एक जुनी जर्मन स्पोर्ट्‌स कार आणली. लाल, दोनच सीटची, जमिनीला टेकलेली. आणल्यावर कळलं की सुभाषला तिच्यात बसता येतं, पण उठता येत नाही. दोन माणसांनी हात धरून ओढलं की तो बाहेर येतो.

मग गाडी आपोआप माझ्याकडे आली. तिच्यातून मी कॉलेजला जाते. सकाळी धरणाच्या रस्त्याला ती चालवताना जो आनंद होतो, तो मला लग्नात घातलेल्या कुठल्याच दागिन्याने दिलेला नाही.

एके दिवशी डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा लागला. सुभाष म्हणाला, "दिवा गेला तर ठिवू. न्हाई तर पाटोद्याच्या भागवतशेठला देऊन टाकू."

भागवतशेठ लग्नाच्या वराती सजवतात. ते गाडीचं छप्पर कापून वर नवरदेवासाठी सिंहासन बसवणार होते. कुठून कापायचं ते त्यांनी माझ्यासमोर बोटाने रेघ ओढून दाखवलं. त्याच दिवशी मी ठरवलं, दिवा मीच घालवणार.

* * *

आधी पुण्याच्या एका वर्कशॉपला फोन केला. मोबाईलला स्कॅनर जोडून मी गाडीचा एरर कोड काढला होता, तो वाचून दाखवला. पलीकडून आवाज आला, "मॅडम, जरा सरांना देता का?"

सरांना दिला. कोड कशाशी खातात ते सरांना माहीत नव्हतं. मग मी एका कानात सांगायची, सर फोनमध्ये बोलायचे आणि पलीकडचा "करेक्ट सर, करेक्ट सर" म्हणायचा. शेवटी तो म्हणाला, "सर, तुम्हाला गाडीतलं बरंच कळतं हो."

फोन ठेवल्यावर सुभाष मला म्हणाला, "बघ, म्हणजे आपल्याला जमतंय."

* * *

बिघाड काय होता ते वर्गात सांगते तसं सांगते. इंजिन थंड असताना पेट्रोल पुरतं जळत नाही आणि धूर घाणेरडा निघतो. म्हणून एक छोटा इलेक्ट्रिक पंप पहिला मिनिटभर धुराच्या वाटेवर ताजी हवा फुंकतो आणि उरलंसुरलं तिथेच जळून जातं. इंजिन तापलं की पंपाचं काम संपलं. आमच्या गाडीचा पंप फुंकतच नव्हता. पण तो का फुंकत नाही हे फक्त थंड इंजिनावर कळतं, म्हणजे दिवसातून एकदाच, सकाळी.

आणि सकाळ होती आमच्या नानांची, म्हणजे माझ्या सासऱ्यांची. ते फिरून येताना रोज कुणाला तरी धरून आणत आणि "आवाज ऐका" म्हणत गाडी सुरू करत. मी मल्टिमीटर घेऊन बाहेर यावं तर इंजिन तापलेलं.

"नाना, मला गाडी थंड पाहिजे."

"थंड कावून? बैलबी सकाळी जरा चालवला की मोकळा हुतो."

मी किल्ली लपवली. दुसरी किल्ली त्यांच्या बंडीच्या खिशात निघाली.

शेवटी एक रिटायर तलाठी माझ्या मदतीला आले, तेही नकळत. नानांनी त्यांना कौतुकाने आवाज ऐकवला. ते म्हणाले, "नाना, याच्यापेक्षा आपल्या बुलेटचा बरा हाय की."

त्यानंतर नानांनी गाडीकडे पाहिलंसुद्धा नाही. मला थंड इंजिन मिळालं.

* * *

मधल्या काळात धुराचं सर्टिफिकेट संपलं. तपासणीवाल्याने गाडीभोवती एक चक्कर मारली, दोन सेल्फी काढले आणि सर्टिफिकेट माझ्या हातात दिलं. मशीनची नळी भिंतीवर होती ती भिंतीवरच राहिली.

मी म्हटलं, "अहो, नळी तरी लावा. धुराचाच प्रॉब्लेम आहे हिचा."

"मॅडम, इतकी चकचकीत गाडी धूर सोडतीय व्हय?"

"हा पिवळा दिवा दिसतोय ना?"

त्याने आत वाकून दिवा नीट पाहिला, थोडा विचार केला आणि मनापासून सल्ला दिला, "त्याच्यावर टिकली लावा. तुमच्याकडं काळी असंलच."

मी इतकी चिडले की गाडी चालू न करताच गिअर टाकत बसले. तो लांबून म्हणाला, "किल्ली फिरवा, मॅडम."

* * *

थंड इंजिनावर तपासलं तेव्हा पंपापर्यंत करंटच येत नव्हता. बॅटरीवरून थेट वायर दिली तर पंप क्षणभर फिरला, म्हणजे तो जिवंत होता. मधला रिले, म्हणजे करंट चालू-बंद करणारी छोटी डबी, जळाली होती. बाजारातल्या दुकानात जुना रिले घेऊन गेले. दुकानदाराने विचारलं, "कशाचा हाय?" मी खरं ते सांगितलं, स्पोर्ट्‌स कारचा. त्याने माझ्या मागे कुणी पुरुष उभा आहे का ते पाहिलं.

"वहिनी, सायबांना धाडा. तुम्हाला न्हाई कळायचं."

साहेबांना धाडलं. साहेब हॉर्नची जोडी घेऊन परत आले! वर मला म्हणाले, "त्यो म्हणला, अशा गाडीला हेच लागतं."

दुसऱ्या दिवशी मी परत गेले आणि तोच रिले पुढे करून म्हटलं, "ट्रॅक्टरचा द्या."

"मग कालच सांगायचं की," असं म्हणत त्याने लगेच काढून दिला. तो बरोब्बर बसला.

* * *

एवढं करूनही दिवा परत लागला. पंप आता फिरत होता, पण दबकत फुसफुसत. म्हणजे हवा वाटेत कुठेतरी गळत होती. रबरी नळ्यांत धूर सोडला की गळती दिसते, म्हणून शेजारच्या शकिलाभाभींकडून ऊद मागून आणला. निखाऱ्यावर ऊद टाकला, त्यावर पत्र्याचा डबा पालथा घातला आणि सायकलच्या पंपाने धूर नळीत ढकलू लागले.

तेवढ्यात सासूबाई बाहेर आल्या. त्यांनी काही विचारलं नाही. डोक्यावर पदर घेतला आणि हात जोडले. मग आत जाऊन हळद-कुंकू आणि नारळ घेऊन आल्या. गल्लीतल्या चार बायका जमल्या. एकीने बोनेटला कुंकू लावलं, दुसरीने तान्हं लेकरू धुरावरून ओवाळून घेतलं. शकिलाभाभी भिंतीवरून म्हणाल्या, "अजून ऊद पायजे का? लई आहे माझ्याकडं."

मी ओरडले, "मी गळती शोधतेय!"

सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "शोध की. आमी कुठं आडवलं?"

नारळ फोडताना त्या नेमक्या खाली वाकल्या आणि म्हणाल्या, "अगं, हितून धूर येतोय बघ." उंदराने नळी कुरतडली होती. गळती सापडली याचं श्रेय गल्लीने नारळाला दिलं.

* * *

नळी बदलली. दुसऱ्या दिवशी घर झोपलेलं होतं, नाना फिरायला गेले होते. मी किल्ली फिरवली आणि इतके महिने नीट न बोललेला पंप पुरता जागा झाला. कडबाकुट्टीची मशीन चालावी तसा घुंऽऽऽ करत तो मिनिटभर ओरडला आणि इंजिन तापताच गप्प झाला. धडधाकट पंप असाच ओरडतो. दिवा गेला तो गेलाच. माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

संध्याकाळी सुभाषला बंद दिवा दाखवला.

"लई भारी," तो म्हणाला. "आता भागवतशेठ नाक मुरडायचे न्हाईत. उद्याच बोलावतो."

"दिवा गेला तर ठेवू म्हणाला होतात."

"म्हणलोतो. पर त्यांना शब्द देऊन बसलोय ना."

"आणि मला दिलेला काय होता?"

त्याने फोन लावला. दुसऱ्याला दिलेला तो शब्द आणि बायकोला दिलेलं ते नुसतं बोलणं, हा हिशेब मला अजून पटलेला नाही.

* * *

भागवतशेठ सकाळी लवकर आले. सुभाष, नाना, सगळे अंगणात उभे. मी गाडीत बसून किल्ली फिरवली.

घुंऽऽऽ!

भागवतशेठ दोन पावलं मागे सरकले. "सुभाषराव, हे काय बोंबलतंय?"

सुभाषचा चेहरा पडला. त्याने हा आवाज कधी ऐकलाच नव्हता. "वैशाली, काय हाय हे?"

"पंप," मी म्हटलं.

"आदी न्हवता वाजत."

"आधी नव्हता. आता वाजतो."

तेवढ्यात आवाज थांबला. भागवतशेठ जरा सावरले. "गेला का?"

"उद्या सकाळी परत येईल. रोज येणार."

"दुरुस्त न्हाई का व्हत?"

"नाही, भाऊ. जे करता येण्यासारखं होतं ते सगळं मी केलंय. याच्यापुढं कुणालाच काही करता येणार नाही."

भागवतशेठनी सुभाषच्या खांद्यावर हात ठेवला. "वरात निघताना वरून नवरदेव अन्‌ खालून हे. लोक मला झोडपतील. राहू द्या तुमच्याकडंच." आणि ते निघून गेले.

मग नाना माझ्याकडे वळले.

"म्या कवापासून सांगतोय, बाईमाणसानं मशीनला हात लावू न्हाई. ही गाडी आज अशी वाजती ती तुझ्यामुळं."

"हो, नाना," मी म्हटलं. "माझ्यामुळेच."