सुईचा मोठा गोल

"तुमच्या यजमानांना डिसेंट्री झाली आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. डिसेंट्री म्हणजे रक्ताची हगवण. "आतड्यातले जंतू कोणत्या औषधाला दाद देतात, ते तपासावं लागेल."

मी म्हटलं, "तपासता कायले? मोठी सुई द्या अन् मोकळं करा."

तेव्हा मी पंचेचाळिशीची होते आणि जगातलं सगळं आपल्याला कळतं, अशी माझी खात्री होती. आज ती पंचेचाळिशीची मी मला भेटले तर तिच्या तोंडात तिचाच पदर कोंबेन.

आमचं गाव गोंदिया जिल्ह्यात, दवनीवाड्याजवळ. धान पोटरीत आला होता, लोंब्या फुटायच्या बेतात, तेव्हा ह्यांना ताप भरला. मग पोटात मुरडा, मग रक्त. गावात येणाऱ्या डॉक्टरने रोज सुई टोचली. मी खूश. सुई म्हणजे औषध, गोळी म्हणजे नुसती समजूत, असा माझा हिशेब. पण ताप हटेना. शेवटी गोंदियाच्या दवाखान्यात आणलं.

तिथे आधी स्टूल कल्चर. म्हणजे शौचाचा नमुना घ्यायचा आणि त्यातले जंतू काचेच्या बशीत वाढवायचे. नमुन्याची डबी मी पदराखाली लपवून अशी नेली, जशी काय चोरलेली कोंबडी. पुढची तपासणी सेन्सिटिव्हिटी. वाढवलेले जंतू दुसऱ्या बशीत पसरून त्यांच्यावर वेगवेगळ्या औषधांच्या टिकल्या ठेवतात. जे औषध जंतूंना वाढू देत नाही, त्याच्या टिकलीभोवती स्वच्छ गोल उरतो. हे सगळं उगवायला वेळ लागतो. तोवर सलाईन आणि अंदाजाचं औषध.

उगवायला वेळ लागतो, हे धान लावणाऱ्या बाईला तरी समजावं! पण नाही. मी बाकावर बसायची, उठायची, लॅबच्या दाराशी जायची.

"उगवले का?"

"चाची, बैठो ना," लॅबवाला म्हणायचा. "खींचने से जल्दी उगेंगे क्या?"

परत वॉर्डात यावं, तर ह्यांचे डोळे आणखी खोल गेलेले. एरवी हा माणूस ताटात मीठ कमी पडलं तरी गाव ऐकेल इतकं बोलणारा. आता काहीच बोलेना. मला खरी भीती त्या गप्प बसण्याची वाटली. मग मी पुन्हा लॅबकडे.

एकदा दार उघडं सापडलं. लॅबवाला पट्टीने गोल मोजत होता. बशीवर पातळ सायीसारखा थर, त्यात टिकल्या. काहींभोवती गोलच नाही, एकीभोवती लहान, एकीभोवती चांगला ऐसपैस.

"मोठा गोल कोणाचा रे बाप्पा?"

"वो? इंजेक्शन है चाची. रिपोर्ट अभी बाकी है."

पुढचं ऐकायला मी थांबले कुठे? वॉर्डात येऊन ह्यांना सांगितलं, "तुमची सुई सापडली. सगळ्यात मोठा गोल तिचाच."

संध्याकाळी डॉक्टरीणबाई गोळी घेऊन आल्या. ह्यांनी तोंड मिटून घेतलं. मग क्षीण आवाजात म्हणाले, "मोठा गोल सुईचा आहे म्हणते बायको. मले गोळी काऊन देऊन राहिल्या?"

ह्यांच्या अंगात पाणी उरलं नव्हतं, ताप चढत होता, आणि माझ्या शब्दावर हा माणूस औषध नाकारत होता.

बाई चिडल्या नाहीत. म्हणाल्या, "गोल एकमेकांशी मोजायचे नसतात. प्रत्येक औषध बशीत वेगळं पसरतं, म्हणून प्रत्येकाचं माप वेगळं. तो लहान गोल या गोळीचा, पण तिच्या मापात ती पास झाली आहे. ती सुई बशीत जंतू मारते, पण आतड्याच्या या आजारात कामी येत नाही. गावात तुम्हाला तीच तर टोचत होते."

हे काही तोंड उघडेनात. मी जवळ गेले. "हलका धान अन् भारी धान एकाच दिवशी कापता का?"

"येडी झाली का? हलका आधी पिकते. भारी मागून."

"मंग गोलाचंही तसंच. ज्याचं माप त्याले."

"हे आधी काऊन नाही सांगितलं?"

"आधी मले तरी कुठं माहीत होतं?"

त्यांनी गोळी गिळली. त्यानंतर माझा हात त्यांच्या कपाळावरून हलला नाही. गरमच लागायचं. मला वाटायचं, माझाच हात तापला असेल.

ताप हळूहळू उतरला. रक्त थांबलं. मग एका सकाळी मी पेज भरवली, तर पहिल्याच घोटाला तोंड वाकडं.

"हे पेज आहे का नहराचं पाणी?"

मी वाटी खाली ठेवली आणि व्हरांड्यात जाऊन रडले. लॅबवाला धावत आला, "क्या हुआ चाची?"

"काही नाही रे. तुझ्या चाचानं मले बोल लावले."

तुमच्या घरी असं झालं, तर नमुना नवं औषध सुरू होण्याआधी द्या. बरं वाटलं तरी गोळ्या पुऱ्या करा. आणि बशीत डोकावलात, तर माझ्यासारखं अर्धवट बघून पळू नका.

त्या बाईंचे आणि त्या लॅबवाल्याचे उपकार मी रोज जेवताना आठवते. हे अजून ताटावर बसले की कुरकुरतात, मीठ कमी, भात मऊ. सून रागावते. मी आणखी एक भाताचा गोळा वाढते आणि म्हणते, "बोला, आणखी बोला."