तू टेप बघ

दादाचा डावा हात मांडीवर पडलेला असायचा. कुणीतरी आणून ठेवल्यासारखा. अर्धांगाचा झटका आला तेव्हा तो काल्हेरच्या गोडाऊनमध्ये ड्युटीवर होता. वेळेवर दवाखान्यात नेलं म्हणून वाचला. बोलणं शाबूत राहिलं, पायही काठीच्या आधाराने का होईना उचलू लागला. हात मात्र मागे राहिला.

घरी येऊन व्यायाम करून घेणारी फिजिओथेरपिस्ट मुलगी एकदा मला आणि वहिनीला जिन्यात थांबवून म्हणाली, "बोटांत जोर आहे. थोडाच आहे, पण आहे. ते तो जोर वापरतच नाहीत. आणखी काही आठवडे असेच गेले, तर मग माझ्या हातात काही राहणार नाही." वहिनीने पदर तोंडाला लावला. मला रडू आलं नाही, राग आला. मला आधी रागच येतो, बाकीचं मागाहून येतं.

त्या मुलीने त्याला दाबायला एक पिवळा मऊ चेंडू दिला होता, त्यावर हसरा चेहरा काढलेला. दादाने तो धडधाकट उजव्या हाताने खिडकीतून गल्लीत भिरकावला. "मी काय बालवाडीत जातो?" एवढंच बोलला आणि टीव्हीचा आवाज वाढवला. आयुष्यभर लूम, म्हणजे यंत्रमाग, चालवलेला माणूस तो. धंदा बसला, कारखान्यातले लूम भंगारात गेले, गोडाऊनची नोकरी धरावी लागली, तरी ताठा गेला नाही. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही म्हणतात, तो पीळ आमच्या घरात उदंड आहे. माझ्यातही आहे, म्हणून तर मी गप्प बसले नाही.

आता यंत्राबद्दल सांगायला हवं. आमचा मामा मस्कतला नोकरीला होता. आम्ही शाळेत असताना त्याने एक घरगुती कम्प्युटर आणला. काळा, चपटा, वहीपेक्षा थोडा मोठा, त्यावर खोडरबरासारखी मऊ बटणं. तो टीव्हीला जोडायचा. त्याला स्वतःची म्हणून काही आठवण नव्हती. वीज गेली की सगळं विसरायचा. प्रोग्रॅम कॅसेटवर आवाजाच्या रूपात असायचे. कॅसेट लावली की तो कर्कश आवाज ऐकत कम्प्युटर पाच-सहा मिनिटांत प्रोग्रॅम आत घ्यायचा, आणि तेवढ्यात जरा काही बिनसलं की पुन्हा पहिल्यापासून. भिवंडीतल्या आमच्या नारपोलीत ते रोज बिनसायचं. शेजारच्या कारखान्यातले लूम एकदम सुरू झाले की व्होल्टेज पडायचं आणि यंत्र कोरं व्हायचं. म्हणून आमच्या घरात गेम शुक्रवारी लागायचा. शुक्रवारी कारखान्यांना सुट्टी, लूम बंद, गल्ली गप्प. लोक शुक्रवारी आराम करायचे, आम्ही कम्प्युटर चालवायचो.

आम्ही म्हणजे दादा. बटणं त्याची. मी हात पुढे केला की तो न बघताच म्हणायचा, "तू टेप बघ." टेपरेकॉर्डरचा आवाज कमी-जास्त करायचा, फीत अडकली की पेन्सिलीने गुंडाळायची, हे माझं काम. टेप बघण्यात माझं बालपण गेलं. तो कारखान्यात कामाला लागल्यावर यंत्र आपसूक माझ्याकडे आलं, आणि आजही आहे. मी ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवते, आणि रिकाम्या वेळात या यंत्रासाठी नवे प्रोग्रॅम लिहिते. हसायला हरकत नाही, वहिनी अजून हसते. पण माझ्यासारखे वेडे जगभर आहेत. मोडीत निघालेल्या या कम्प्युटरांसाठी ते आजही नवे गेम लिहितात, एकमेकांचे तपासतात, आणि एखाद्या चुकीवरून महिनाभर भांडतात. लिहायचं लॅपटॉपवर, मग त्याचा तोच जुना कर्कश आवाज करायचा आणि मोबाइलमधून यंत्राला ऐकवायचा. कॅसेटची गरज उरली नाही. तरी आमच्या घरात त्याला अजून टेपच म्हणतात.

चेंडू खिडकीतून गेला त्या संध्याकाळी मी एक गेम लिहायला घेतला. पडद्यावर एक लूम. उभे धागे, आडवा धागा घेऊन इकडून तिकडे पळणारा धोटा. मधेच एखादा धागा तुटतो. तुटला की कीबोर्डच्या डाव्या टोकाचं बटण दाबून लूम थांबवायचा, आणि ते दाबून धरलेलं असतानाच उजव्या टोकाच्या बटणांनी गाठ मारायची. डावं बटण सुटलं की लूम सुरू, कापडात भोक. एका हाताच्या वितीत दोन्ही टोकं येत नाहीत, हे मी मोजून बघितलं होतं. मोबाइलवर असलं काही करता आलं असतं, पण काचेवर बोट नुसतं टेकलं तरी चालतं. मला दाबायला लावायचं होतं.

लूमचा आवाज काही केल्या जमेना. मी आमच्या गल्लीतली खटखट मोबाइलवर रेकॉर्ड करून जगभरच्या आमच्या वेड्या मंडळींना पाठवली. पोलंडमधल्या एका निवृत्त गृहस्थांनी आठवडाभर खपून तोच ठेका या यंत्राच्या चिमुकल्या स्पीकरमधून काढून दिला. भिवंडीची खटखट पोलंडला जाऊन परत आली. दादाला यातलं काही माहीत नव्हतं.

शुक्रवार ठरवला. वहिनीला म्हटलं, तू खारबावला माहेरी जाऊन ये, तू असलीस की तो तुझ्याआड लपतो. ती तयार झाली, पण दारातून दोनदा परत आली. "वन्सं, चिडले तं? बीपी वाढलं तं?" तिने गोळ्यांचा डबा माझ्या हातात दिला आणि गेली. हात दाखवून अवलक्षण करून घेतोय का, असं मलाही वाटत होतं. जोरात नाही म्हणाला तर दुसरं काही माझ्याजवळ नव्हतं.

मी टीव्हीवरच्या बातम्या बंद केल्या. दादाने भुवई वर केली. मी पिशवीतून यंत्र काढून त्याच्यापुढच्या टेबलावर ठेवलं. त्याने ते पाहिलं.

"अजून चालतो?" तो म्हणाला.

"चालतो. नवीन गेम आलाय. बघतोस?"

त्याने काठी बाजूला ठेवली. मी वायरी जोडल्या, मोबाइल लावला. तो आवाज सुरू झाला, पडद्याच्या कडेने निळे-पिवळे पट्टे धावू लागले. या यंत्रातल्या, बटणांखालच्या प्लास्टिकच्या पट्ट्या आता वाळलेल्या पानासारख्या कुरकुरीत झाल्यात, कधी काय तुटेल सांगता येत नाही. अर्ध्याहून जास्त झालं आणि मोबाइल वाजला. वहिनी! रिंगटोन थेट यंत्राच्या कानात. पट्टे थांबले, खाली एक ओळ आली, टेप लोडिंग एरर.

फोनवर वहिनी विचारत होती, "जेवले का ते?" मी काय उत्तर दिलं ते इथे लिहीत नाही.

"जगाला फिजिक्स शिकवते," दादा पडद्याकडे बघत म्हणाला, "आणि टेप लावताना फोन चालू ठेवते."

कित्येक दिवसांत तो माझ्याशी एवढं बोलला नव्हता. मी फोन विमान मोडवर टाकला आणि टेप परत लावली. या खेपेला लागली. बंद गल्लीत, बंद लूमांच्या मधोमध, आमच्या खोलीत खटखट सुरू झाली. दादाने मान वर केली. ओळखीचं माणूस दारात आल्यावर करतो तशी.

मी बटणं समजावून सांगितली. धागा तुटला. त्याने उजव्या हाताने डावं बटण दाबलं, लूम थांबला. तोच हात गाठ मारायला उजवीकडे नेला, लूम सुरू, कापडात भोक. दुसरा धागा, दुसरं भोक. डावा हात मांडीवर तसाच. मी काहीही बोलायचं नाही असं ठरवून आले होते, म्हणून ओठ चावत बसले. तिसऱ्या भोकाला त्याने टेबलावर थाप मारली.

"कुणी बनवला हा? त्यानं जन्मात लूम बघितला नाय. हँडल एकदा पाडलं की लूम बंद राहतो. कारीगर हँडल धरून बसला तर गाठ काय त्याचा सासरा येऊन मारणार?"

"मी बनवला," मी म्हणाले.

तो माझ्याकडे वळला. "तू? रोज डबा घेऊन कारखान्यात यायचीस. तुला माहीत नाय हँडल कसं असतं?"

"माहीत आहे."

मग त्याने डाव्या टोकाच्या बटणाकडे पाहिलं, आणि तिथून खाली, आपल्या मांडीकडे. त्याला कळलं, हे मला त्याच्या मानेवरून दिसलं. मान लाल झाली. उजवा हात पुढे आला, यंत्रामागची विजेची वायर त्याने हिसकून काढली. खटखट थांबली, पडदा काळा झाला. दोन आठवडे खपून जे लिहिलं होतं ते यंत्र एका क्षणात विसरलं.

"मला कुणाची दया नको," तो म्हणाला.

इथे माझा ताबा सुटला. "दया बिचाऱ्यांवर करतात, दादा. तू बिचारा नाहीस, तू हट्टी आहेस. ती पोरगी जिन्यात काय म्हणाली माहितीय? म्हणाली, बोटांत जोर आहे, पण आणखी काही आठवडे असाच बसलास तर तो जाईल, मग कुणी काही करू शकणार नाही. वहिनी म्हणाली तुला सांगू नको. मी सांगतेय. राग माझ्यावर काढ. मला भीती वाटते रे. तू असा हात सांभाळत बसलास की मला झोप येत नाही."

गोळ्यांचा डबा माझ्या मांडीवर होता, तो उगाच घट्ट धरला. दादा खिडकीकडे बघत राहिला. खालच्या चहावाल्याचे कप विसळण्याचे आवाज ऐकू येत होते. मी उठले आणि वायर गुंडाळायला लागले. काय करणार दुसरं? गाढवापुढे गीता वाचून झाली होती, गाढव आपलंच होतं एवढाच फरक.

"जोर आहे म्हणाली?" त्याने न वळता विचारलं.

"थोडा."

"थोडा म्हणजे किती?"

"तिने मोजून नाही दिला, दादा. बोटं तुझी आहेत."

मग तो यंत्र स्वतःकडे ओढून घेत म्हणाला, "वायर सोड ती. लाव परत."

"मी दाबून दाखवू आधी? कसं धरायचं ते?"

"बटणांना हात लावू नको," दादा म्हणाला. "तू टेप बघ."

चाळीसेक वर्षं ज्या वाक्याचा मला राग होता, ते ऐकून डोळ्यांपुढे सगळं धूसर झालं. मी टेप लावली. आवाज चालू असताना, पट्टे धावत असताना, त्याने उजव्या हाताने डावा हात उचलला आणि यंत्राच्या कोपऱ्यावर ठेवला. बोटं वाकडी पडली. त्याने ती एक एक करून सरळ केली. मी मोबाइलवरची नजर हलवली नाही. त्याला बघितलेलं आवडलं नसतं.

किती कापड फाटलं त्या दुपारी! बोट बटणावर जायचं, दाबलं जायचं, उजवा हात गाठीकडे वळला की इकडे निसटायचं. तो शिव्या देत होता, हिंदीत आणि मराठीत, कारखान्यातल्या जुन्या ठेवणीतल्या. मी टेप बघत होते, खरं तर बघायला टेपमध्ये काहीच नव्हतं. त्याच्या कपाळावरून घाम गळत होता. गोळी द्यावी का, थांबवावं का, हे मला कळत नव्हतं, आणि मी काहीच केलं नाही.

तेवढ्यात जिन्यात धावत येणाऱ्या चपला वाजल्या. माझा फोन लागत नाही म्हणून घाबरून वहिनी अर्ध्या तासात खारबावहून उलटी फिरली होती. ती धापा टाकत दारात उभी राहिली. नवरा खुर्चीत वाकलेला, घामाघूम. टीव्हीवर एक लूम, जागच्या जागी उभा. धोटा मधेच थांबलेला, एक धागा तुटलेला, खटखट बंद.

"वन्सं, फोन का लागत न्हाय तुमचा? जीव गेला ना माजा!" मग तिचं लक्ष पडद्याकडे गेलं. "काय झालं? बंद पडलं हाय का ते?"

दादाने मान वर केली नाही. डावा हात कोपऱ्यातल्या बटणावर थरथरत होता.

"बंद नाय पडलं," तो म्हणाला. "मी धरलंय."