उलटा चालणारा पट्टा आणि सासूबाईंचं भांडं

सुट्टीला लोक कोकणात जातात, आम्ही चाकणला गेलो. दुकानदाराने नवा मिक्सर देऊन एक्स्चेंजमध्ये सासूबाईंचा जुना मिक्सर भांड्यासकट नेला होता. भांड्यावर 'सौ. कमल' असं नाव घातलेलं. सासूबाईंना जाऊन वर्षही झालेलं नाही. "नव्याचं राहू दे, मला आईचं ते भांडं हवंय," माझी बायको सुनंदा म्हणाली. दुकानदाराने हात झटकले. "जुना माल चाकणला कंपनीत जातो. शनिवारी लोकांना आत सोडतात, बघा विचारून."

थेरगावहून भोसरी, मोशी करत निघालो. मोशीला मिसळ खा. दुसऱ्यांदा रस्सा मागितला तरी मालक तोंड वाकडं करत नाही. शिफ्ट सुटताना चाकण चौक टाळा. आम्ही टाळला नाही, त्यामुळे चौकाचं सावकाश दर्शन घडलं. पायात बूट हवेत, चप्पल गेटवरच अडवतात.

गेटवरचे म्हातारे वॉचमन गावातलेच. "सकाळी नुसतं जोडत्यात. दुपारी उलटं चालतंय. ते बघा. मी न्हाई बघत."

कंपनीच्या इंजिनिअर मुलाणी मॅडमनी आत नेलं. "मिक्सर आणि ही पट्ट्याची लाइन आम्ही एकाच टेबलावर आखली," त्या म्हणाल्या. "उघडता येत नाही ते बनवायचं नाही. गोंद नाही, सगळीकडे एकाच मापाचा स्क्रू. भांड्याचा पत्रा जाड, म्हणजे भांडं घासून पुन्हा नव्या मिक्सरला लावता येतं."

"आमच्याकडे रस्तेसुद्धा पुन्हा उघडण्यासाठीच करतात," मी म्हणालो. त्या हसल्या नाहीत.

जेवणाच्या सुट्टीनंतर पट्टा उलटा सुरू झाला. तीच माणसं, तेच हात. अख्खे मिक्सर येत होते आणि सरकता सरकता नाहीसे होत होते. हळदीचा, लसणाचा, ओल्या खोबऱ्याचा वास दाटला होता. जेवण मात्र कुठेच शिजत नव्हतं. टोकाला पॉलिशचं चाक. प्रत्येक भांड्यावर कुणाचं तरी नाव. चाक टेकलं की नाव नाही.

चाकावरचे जाधवभाऊ लातूरकडचे. सुनंदाने भांड्यावरचं नाव सांगितलं.

"थेरगावचा माल झाला की, ताई. कमल लय येतात. कालच दोन गेल्या."

सुनंदा चाकाकडे बघत राहिली. "काहीच उरत नाही?"

"खोल कोरलेलं असलं तर तिरप्या उजेडात पुसट दिसतं," मुलाणी मॅडम ओशाळून म्हणाल्या. "तो दोष अजून निघालेला नाही."

घरी येताच सुनंदाने एक्स्चेंजमध्ये आलेल्या नव्या मिक्सरचं भांडं खिडकीशी तिरपं धरलं. संध्याकाळच्या उन्हात अक्षरं वर आली. लीला.

आमच्या सात पिढ्यांत कोणी लीला नाही.

"परत करू या?" मी विचारलं.

"कुणाला? चाकाला?" ती म्हणाली. "राहू देत त्या इथे."

आता चटणी वाटून झाली की सुनंदा झाकणावर हात ठेवून हळूच म्हणते, "झालं हं, लीलाबाई." मी एरवी कशाचीही टिंगल करतो. त्या वेळी मात्र स्वयंपाकघराच्या दाराशीच थांबतो. सासूबाईंशीही कुठल्या घरात कोणी असं बोलतं का, कुणास ठाऊक.