माचीवर मारलेली हाक

माझे यजमान जाऊन या आश्विनात वर्ष होईल. ते भोरला शाळेत इतिहास शिकवीत. त्यांच्या वह्या मी एकेक करून चाळते आहे. तोरण्याच्या वहीत बुरुजांची मापे आहेत, टाक्यांच्या जागा आहेत, आणि झुंजार माचीच्या पानावर मजकूर अर्ध्या ओळीतच थांबला आहे. तो का थांबला, हे आता माझ्याखेरीज कोणाला ठाऊक असण्याचा संभव नाही.

लग्नाला तेव्हा आठ वर्षे झाली होती. मराठी सातवी शिकलेल्या बायकोने वाचलेला गड एकदा डोळ्यांनीही पाहावा, ही ह्यांचीच हौस. सासूबाई म्हणाल्या, "बायकांना देवाला नेतात. पडक्या भिंती दाखवायला नेलेलं मी नाही ऐकलं." तरी आम्ही निघालो. बैलगाडीने जाऊन मार्गासनीला मुक्काम केला, पहाटे निघून वेल्हे गाठले आणि तिथला एक म्हातारा शेतकरी वाटाड्या म्हणून बरोबर घेतला. मी लुगडे वर खोचून चढत होते. ते पाहून तो ह्यांना म्हणाला, "मास्तर, तुमच्यापरीस बाई बऱ्या चढत्यात. तुमचं सगळं ध्यान त्या वहीत."

"वही जड आहे हो, बाबा."

"मग टाका की दरीत. गड काय वहीत मावतोय व्हय?"

बिनी दरवाजातून आत गेलो तेव्हा चांगले ऊन होते. मेंगाईचे मोडकळीला आलेले देऊळ, पलीकडे घरांची जोती, गवतात बुडालेले चौथरे. हे भराभर मापे घेत होते आणि मला सांगत होते, इथे सदर असेल, इथे कोठार. मला आनंद व्हायला हवा होता. पण एका जोत्यावर अर्धे फुटलेले जाते दिसले. त्याच्या खुंट्याचे भोक झिजून गुळगुळीत झाले होते. एवढे दळणारी बाई कुठे गेली, असे मनात आले, आणि मग प्रत्येक रिकाम्या उंबऱ्याकडे पाहताना मी तिलाच शोधू लागले. मी ह्यांना तसे बोलले नाही. ते हसले असते.

झुंजार माचीच्या तोंडाशी तट एके ठिकाणी ढासळलेला होता. तटाने तिथे वळण घेतले होते, आणि ढासळलेल्या जागेखाली सरळ कडा. वाटाड्याने आम्हांला दोघांनाही तो दाखवला. "हितनं म्हस गेली तर हाडंबी सापडत न्हाईत. तेवढी जागा सोडून हिंडा."

मी तिथून जरा अलीकडे एका दगडावर बसले. हे वही घेऊन माचीवर पुढे गेले. थोड्या वेळाने कोकणाच्या अंगाने धुके आले. ते इतके भरभर आले की माझेच पाय मला दिसेनात.

"बाई, हितंच बसा. हलू नगा," वाटाड्या म्हणाला. "म्या मास्तरांना घिऊन येतो." आणि तोही दिसेनासा झाला.

मग त्याची हाक ऐकू येऊ लागली. "मास्तर! ओ मास्तर! हिकडं या!" ह्यांनी ओ दिली. वाटाड्या तटाच्या वळणापलीकडे गेला होता, हे मला आवाजावरून कळत होते. तेवढ्यात वाऱ्याने धुके जरा फाटले आणि हे मला दिसले. त्या आवाजाच्या रोखाने ते सरळ चालले होते. त्यांच्यात आणि त्या आवाजात ती ढासळलेली जागा होती.

"अहो!" मी ओरडले. "अहो, थांबा!"

"हं," ते म्हणाले, आणि चालतच राहिले.

तो "हं" मी ओळखत होते. घरी ते वाचत बसले की मी दहा वेळा "अहो" म्हणे आणि ते दहा वेळा "हं" म्हणत. पान निवले, ताक आणू का, दारात कोणी आले आहे, सगळ्याला तोच "हं". माझी ती हाक त्यांच्या कानांना इतकी सरावाची झाली होती की आत पोचतच नव्हती.

ह्यांचे नाव मी लग्नात आणि डोहाळजेवणात उखाण्यातून घेतले होते, तेवढेच. नुसत्या नावाने नवऱ्याला हाक मारली की त्याचे आयुष्य घटते, हे आईने सांगितले होते, सासूबाईंनी सांगितले होते. मी शिकलेली होते, तरी त्या क्षणी ते मला खरेच वाटले. हाक मारली तर आयुष्य कमी होणार होते. न मारली तर ते चार पावलांवर संपणार होते.

मी नाव घेऊन हाक मारली. पुढे राव नाही, पंत नाही. आई पोराला मारते तशी, घसा फुटेपर्यंत.

ते जागच्या जागी थांबले. इतक्या वर्षांत माझ्या तोंडून कधी न ऐकलेले ऐकून त्यांनी चकित होऊन माझ्याकडे वळून पाहिले. मग पायाखाली पाहिले. वही हातातून सुटली, पण कड्याच्या अलीकडेच पडली. मी धावले नाही. तेच सावकाश माझ्याकडे आले आणि शेजारी बसले.

"काय म्हणालीस तू?"

"काही नाही," मी म्हणाले.

वाटाड्या आला आणि आम्हांला माघारी घेऊन निघाला. मेंगाईपाशी आल्यावर एवढेच म्हणाला, "बाई, आईपुढं हळदकुंकू व्हावा. तुमचा आवाज लई लांब गेला." हे वरवर हसले. मी हळदकुंकू वाहिले, तेही लपून नाही.

उतरताना ते पुढे होते आणि मी मागे. ते काही तरी सांगत होते, तटाच्या रुंदीविषयी असावे. माझे लक्ष त्यांच्या टाचांवर होते. वेल्ह्याला गाडी जुंपली, आणि ते गाडीतल्या गवतावर आडवे होऊन लगेच झोपी गेले. गाडीवान पाठमोरा होता. उपरणे सारखे करण्याचे निमित्त करून मी त्यांच्या नाकापुढे हात धरला. श्वास हाताला जाणवत होता. मार्गासनी येईपर्यंत मी तो हात काढला नाही.