मागावरचा लाकडी पाय

तमाम नागपूरकरांस अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, आपण सागवानात जीव घालू शकतो असे एक सुतार छाती फुगवून सांगत असे. तो सुतार मीच.

इस्पितळाच्या कारखान्यात मी मांडीपासून पाय गेलेल्यांसाठी लाकडी पाय बनवायचो. उमरेडचा एक विणकर आला. चालण्याची त्याला फारशी फिकीर नव्हती. "मले फक्त मागावर बसव गा मिस्त्री," म्हणाला. मी गुडघ्याला बिजागरी घातली, मांडीला चामडी पट्टे लावले आणि पावलावर चकचकीत बूट खिळ्यांनी ठोकला. गोऱ्या साहेबाला शोभावा असा!

पाय बसवायला मी त्याच्या घरी गेलो. मागाच्या खड्ड्यात पाय सोडण्याआधी त्याने एक चप्पल काढली आणि सवयीने बुटालाही हात घातला. बूट निघेना. मागाला जोडे चालत नाहीत, हे मला कुठे ठाऊक! त्याची बायको पदर तोंडाशी धरून हसली. मीही हसतच पकडीने खिळे उपटले.

मग त्याने पायाखालच्या, धागे वर-खाली करणाऱ्या दोन पावड्यांवर पाय टेकवले. उजवी हलकेच दबली. डावीवर लाकूड धाडकन गेले आणि ताणलेले धागे तटातट तुटले. बायकोने गाठी मारल्या. त्याने पुन्हा दाबले, पुन्हा तुटले. तिसऱ्यांदा तुटल्यावर त्याने ते पाऊल हातानेच उचलून बाजूला ठेवले आणि तो ओरडला,

"याले सूत समजूनच नाही राहिलं गा!"