जवळ्याच्या कोशिंबिरीमागे काळाचौकीपर्यंत

महिन्यातल्या एका शनिवारी दुपारी मी आणि माझी नणंद परळच्या एका बारमध्ये जायचो. घरी सांगायचो, दादरला ब्लाऊजपीस बघायला जातोय. वरच्या एसी हॉलमधलं कोपऱ्यातलं टेबल, दोघींत एक बिअर, आणि ती पण संपायची नाही. खरी ओढ जवळ्याच्या कोशिंबिरीची. भाजलेला सुका जवळा, बारीक कांदा, ओलं खोबरं, वर कोकमाचं आगळ. आम्ही तीन-तीन प्लेटी मागवायचो. एकदा तर आचाऱ्याला मुद्दाम बाहेर बोलावून आम्ही त्याचं कौतुक केलं होतं. त्याने हात जोडून ते घेतलंही होतं.

गेल्या वर्षी गेलो तर टेबलावर मेन्यूकार्डच नाही, नुसता क्यूआर कोड. मोबाईलवर कोशिंबीर काही सापडेना.

"काका, हे डिकन्स्ट्रक्टेड भेळ म्हणजे काय?" नणंदेने जुन्या वेटरना विचारलं.

"सगळं वेगवेगळ्या वाट्यांत येतं मॅडम. तुम्हीच मिसळायचं." त्यांचा चेहरा इतका गंभीर होता की आम्हाला हसू आवरेना.

"आणि जवळा?"

"बंद. वास येतो म्हणतात. आचाऱ्यालाही काढलं." मग ते जरा वाकून म्हणाले, "काळाचौकीला मार्केटच्या मागे त्याच्या बायकोचं पोळीभाजी केंद्र आहे."

खरं तर मला रडूच येत होतं. पण नणंद पर्स उचलून उभी राहिली. "वहिनी, चल."

टॅक्सीत आम्ही शाळा बुडवून निघाल्यासारख्या खिदळत होतो. केंद्र सापडलं. आत आचारी खाली बसून नारळ खवत होता. आम्हाला बघून तो दचकलाच. नणंद म्हणाली, "दादा, तुमच्या हातच्या कोशिंबिरीसाठी आलोय."

भाकरी थापता थापता त्याची बायको थांबली. "ह्येंच्या हातची? ह्येंका खंय येता? रोज मी डब्यात करून देय होतंय."

मी आचाऱ्याकडे पाहिलं. तो खोबऱ्याकडे बघत म्हणाला, "मी तिकडे चायनीजला होतो."

झालं. नणंद हसत हसत भिंतीला टेकली, मला बाकावर बसावं लागलं, आणि ती बाईही पदर तोंडाला लावून हसायला लागली. "म्हणजे ह्येंनी कौतुक पण घेतल्यानी?" तिने विचारलं. "दोन्ही हात जोडून," मी सांगितलं.

तिने लगेच तवा ठेवला. जवळा भाजल्याचा वास गल्लीभर पसरला. कोणी काही म्हटलं नाही. उलट शेजारची एक बाई वाटी घेऊनच आली. गरम तांदळाच्या भाकरीबरोबर आम्ही ती कोशिंबीर बाकावर बसून खाल्ली. बारमधल्यापेक्षा सरस होती. डब्यात जाऊन मऊ पडायला तिला वेळच मिळाला नव्हता.

"वहिनी, मला चढली गं," नणंद म्हणाली. पाण्याशिवाय काही प्यायलो नव्हतो, तरी मलाही तसंच वाटत होतं.

निघताना आचारी टॅक्सीपर्यंत आला. जरा घुटमळून म्हणाला, "नूडल्स मात्र माझ्या असायच्या. कधी मागवल्यात?"

आम्ही एकमेकींकडे पाहिलं. कधीच नाही.

"पुढच्या शनिवारी करा," नणंद म्हणाली. "आम्ही उपाशी येतो."