मॅट्रिकचं मागचं दार

"अरे, हटाओ इसको सामने से!"

वकीलसाहेब शाळेच्या चपराशावर ओरडले. हटवायचं होतं ते मला. अंगावर लाल आलवण. डोक्यावरून ओढलेला पदर आणि त्याखाली वस्तऱ्याने तासलेलं डोकं. हातात दौत-टाक. शेजारी अप्पा, माझे वडील. वकिलांचा मुलगा कपाळाला कुंकू लावून, हातावर दही घेऊन मॅट्रिकच्या पहिल्या पेपरला आला होता. फाटकातच त्याला विधवेचं तोंड दिसलं.

वकील त्याला घेऊन शनवाऱ्यातल्या घराकडे परत फिरले. देवाला नमस्कार करून पुन्हा निघायला. बाकीची पोरंही थबकली. कुणी मान फिरवली. एकाने डोळ्यांवर हात ठेवला.

परीक्षा घेणारे मास्तर धावत आले. माझ्याशी नाही, अप्पांशी बोलले.

"गुरुजी, तुम्ही समजदार आहात. पोरांना आधी आत बसू द्या. मग बाईंना मागच्या दाराने घेऊ. रोजच तसं करू."

अप्पा म्हणाले, "हो. चालेल."

माझ्या वतीने हो. याच अप्पांनी लोधीपुऱ्यातल्या घरात मला इंग्रजी शिकवलं, भूमिती शिकवली. नागपूरच्या कॉलेजात जायचं तर ही परीक्षा पास व्हावी लागते, हेही त्यांनीच सांगितलेलं.

मोडके बाक ठेवायच्या खोलीत मला बसवलं. पलीकडे पेपर वाटले गेले. सगळं ऐकू येत होतं. राग नाही आला. लाज वाटली. खरं सांगते, मनात एकच होतं, तो पोरगा नापास झाला तर पाप माझ्या माथी. बोलावल्यावर अंग चोरून, भिंतीला चिकटून आत गेले. माझा बाक भिंतीकडे तोंड करून लावला होता. तोंड लपलं म्हणून मला बरंच वाटलं.

पहिलाच पेपर गणिताचा. शेवटची उदाहरणं राहिली आणि घंटा झाली. मास्तरांनी पेपर हातातून ओढला.

"थोडा वेळ द्या ना. मला उशिरा आत घेतलंत."

"घंटा म्हणजे घंटा, बाई."

उठले. दाराशी आले तर वकिलांचा मुलगा अजून लिहीत होता. मास्तर त्याच्यावर वाकून म्हणाले, "लिही, लिही. तुला घरी जाऊन यावं लागलं ना."

मी तिथेच थांबले. त्याचा गेलेला वेळ भरून निघत होता. माझा गेला तो गेला. माझ्या तोंडाने त्याचं काहीच बिघडलं नव्हतं. यांनी बिघडवलं होतं ते माझं.

वाटेत अप्पांना सांगितलं. म्हणाले, "वाद नको. उद्या हात लवकर चालव."

दुसऱ्या दिवशी मी अप्पांच्या आधी निघाले. फाटकात जाऊन उभी राहिले. वकील आले, मुलगा आला, मास्तर आले.

"बाई, काल ठरलं होतं ना?"

"मी नव्हतं ठरवलं. यांना माझं तोंड बघायचं नसेल तर यांनी मागच्या दाराने जावं."

आवाज चिरकला. पण सगळ्यांनी ऐकलं. मी आत गेले, बाक फळ्याकडे फिरवला आणि बसले. वकिलांनी मुलाला खरंच मागच्या दाराने आणलं.

लाज काही गेली नाही. लिहिताना मानेवर नजरा टोचत होत्या. तशीच लिहीत राहिले.

निकाल लागला. वकिलांचा मुलगा पास झाला, माझं तोंड पाहूनही. मी गणितात गेले. एका विषयात गेलं म्हणजे सगळंच गेलं.

अप्पा म्हणाले, "आता पुरे. गावात मान वर करता येईना मला."

"गणिताला वेळ कमी पडला, अप्पा. अक्कल नाही. पुढच्या साली पुन्हा बसते."

"मी सोबत येणार नाही."

"नका येऊ."

बाहेर ओट्यावर न्हावी येऊन बसला होता. दर पंधरवड्याला यायचा. वस्तरा पाजळत होता. मी बाहेर गेले.

"जा तुम्ही," म्हटलं. "पुन्हा येऊ नका. माझ्या डोक्याचं माझं मी बघेन."